तपासणी दोघांची, औषधही दोघांना

मूल होत नाही म्हणून जोडपं दवाखान्यात येतं, पण फाइल बहुतेक वेळा एकाच नावाची असते. तिच्या. सोनोग्राफी तिची, रक्त तिचं, पाळीचे प्रश्न तिला. नवरा बाहेर गाडीपाशी थांबलेला. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून हे मी अनेक वर्षं बघतेय. क्लॅमिडिया या संसर्गात ही पद्धत बाईचं फार मोठं नुकसान करते, म्हणून आज मोकळेपणाने लिहितेय.

नाव अनोळखी वाटेल, पण याच जिवाणूच्या काही प्रकारांमुळे आपल्या आज्या-पणज्यांना डोळ्यांत खुपऱ्या व्हायच्या. सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून भारतातून खुपऱ्या हटल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने 2024 मध्ये जाहीर केलं. डोळ्यांत पुन्हा पुन्हा सूज यायची, मग आतून व्रण धरायचे आणि पापणी आत वळून बुबुळाला घासायची. त्याच जिवाणूचे दुसरे प्रकार लैंगिक संबंधातून पसरतात. उपचार झाले नाहीत तर काही बायकांमध्ये हा संसर्ग गर्भाशयाच्या मुखापासून वर चढतो आणि गर्भनलिकेत तसेच व्रण करतो. नळीच्या आत बीज पुढे सरकवणारे अतिसूक्ष्म केस असतात, ते झडतात. नळीचं टोक चिकटून मिटतं आणि आत पाणी साठतं. हे पाणी गर्भाशयात उतरत राहिलं तर टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारातही गर्भ रुजायला अडथळा येतो, म्हणून कित्येकदा आधी ती नळी काढावी किंवा बांधावी लागते.

आणि हे सगळं बहुतेक वेळा गुपचूप होतं. बहुसंख्य बायकांना काहीच त्रास जाणवत नाही, पुरुषांतही अनेकांना नाही. ज्यांना जाणवतो त्यांच्या तक्रारी ओळखीच्याच: अंगावरून जास्त जाणं, ओटीपोटात दुखणं, संबंधांनंतर रक्ताचा डाग. आपल्याकडे बायका हे सगळं अंगावर काढतात.

माझ्याकडे आलेली एक मुलगी आठवते. लग्नाला चार वर्षं झालेली. नळ्यांचा एक्स-रे, म्हणजे एचएसजी, सुरू होता. नळी मोकळी असेल तर औषधाचा पांढरा रंग टोकातून पोटात सांडताना पडद्यावर दिसतो. इथे दोन्ही बाजूंना तो टोकाशी येऊन फुगून थांबला. बाहेर सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "म्हणजे दोष हिच्यातच ना, मॅडम?" मी नवऱ्याला आत बोलावून एकट्याशी बोलले. लग्नाआधी लघवीला जळजळ व्हायची, मेडिकलवाल्याने दिलेल्या गोळ्या दोन दिवस घेतल्या, बरं वाटलं तशा सोडल्या. यावरून काही सिद्ध होत नाही, हे मी त्यालाही सांगितलं. आपल्याकडे क्षयरोगानेही नळ्या बंद होतात, त्यामुळे तेही तपासावंच लागतं. पण चार वर्षांत त्याला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता, याचा मला संताप आला. अजूनही येतो.

संसर्ग सापडला तर औषध साधं आहे. सहसा डॉक्सिसायक्लिन, 100 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, सात दिवस. गरोदरपणात ते चालत नाही, तेव्हा अ‍ॅझिथ्रोमायसिन देतात. गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, पण दोघांनी घ्यायच्या. तिला औषध आणि त्याला काहीच नाही, म्हणजे महिन्याभरात संसर्ग परत घरात. कोर्स पूर्ण होईपर्यंत संबंध नकोत आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. हे मात्र नीट लक्षात घ्या: औषधाने जिवाणू मरतो, आधीच पडलेला व्रण भरून येत नाही. म्हणून वेळेला इतकी किंमत आहे. स्वीडनमधल्या लुंड इथल्या, 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात ओटीपोटातला दाह, म्हणजे संसर्ग वर चढून गर्भाशय-नळ्यांना येणारी सूज, एकदा झालेल्या बायकांपैकी सुमारे 8 टक्क्यांना नळ्यांमुळे वंध्यत्व आलं. तीन किंवा जास्त वेळा दाह झालेल्यांत ते प्रमाण 40 टक्क्यांवर गेलं. क्लॅमिडिया झालेल्या प्रत्येकीला वंध्यत्व येतं असं मुळीच नाही. बहुतेकींना येत नाही.

आपल्या सरकारी व्यवस्थेत वर्षानुवर्षं लक्षणांवरून औषध देण्याची पद्धत आहे. तक्रार सांगा, त्यानुसार ठरलेल्या रंगाचं किट घ्या. जिथे लॅब नाही तिथे तिने खूप काम केलंय, मोफत केलंय, त्याबद्दल आदरच आहे. पण जिला तक्रारच नाही ती या जाळ्यात येणार कशी? इंग्लंडने 2003 पासून पंचविशीच्या आतल्या तरुण-तरुणींना तक्रार नसतानाही ही तपासणी देऊ केली; 2021 पासून तिथे भर तरुण बायकांवर आहे. आपल्याला लगेच तेवढं जमणार नाही, मान्य. निदान वंध्यत्वाच्या पहिल्या भेटीत, वीर्य तपासणी लिहून देतो त्याच कागदावर, दोघांची क्लॅमिडियाची पीसीआर तपासणी लिहायला काय हरकत आहे? पुरुषाला लघवीची पहिली धार द्यायची असते, बाईला स्वतः घेता येईल असा साधा स्वॅब. सुईसुद्धा टोचावी लागत नाही. खासगी लॅबमध्ये ती स्वस्त नाही, म्हणूनच जिल्हा रुग्णालयात ती मिळायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

काही सहकारी म्हणतात, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर घरात भांडणं लागतील. भीती खरी आहे. पण तो रिपोर्ट संसर्ग कधी झाला हे सांगत नाही, कुणाकडून कुणाला गेला हेही सांगत नाही. लक्षणांशिवाय तो महिनोन्‌महिने शरीरात राहू शकतो. हे दोघांना समोर बसवून, रिपोर्ट हातात देण्याआधी समजावणं आमचं काम आहे. ते टाळायचं म्हणून तपासणीच टाळणं मला पटत नाही.

आणि ज्यांना पूर्वी असा संसर्ग किंवा ओटीपोटाचा दाह होऊन गेलाय त्यांच्यासाठी: पाळी चुकली की लवकर सोनोग्राफी करून गर्भ गर्भाशयातच आहे ना हे बघून घ्या. व्रण असलेल्या नळीत गर्भ अडकू शकतो. पोटात एका बाजूला कळ, चक्कर, खांद्यात दुखणं असं काही झालं तर सकाळची वाट बघू नका, रात्री दोन वाजताही निघा.