सर्व्हरवर पाळत ठेवण्याचा स्वस्त आणि सुलभ मार्ग

सर्वप्रथम अभिनंदन! मागे केव्हातरी तुम्ही प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढला होता, त्याचं फळ आज मिळालं. सर्व्हर हळू का चालतो याचा छडा लावायचं काम साहेबांनी तुमच्या गळ्यात घातलं आहे. "कुठूनतरी ट्रॅफिक येतंय. ते दाखवणारा नेटवर्कचा स्विच मिळतो म्हणे, मॅनेज्ड. स्वस्तातला बघा." यापेक्षा जास्त माहिती मागायची नाही. नेमकं काय बघायचं आहे असा प्रश्न तर चुकूनही विचारू नका. उत्तर त्यांच्याकडे नसतं आणि खरेदी अडकून पडते.

पहिला मुक्काम अकाउंटवाले काका. ते 'स्विच' एवढाच शब्द ऐकतील आणि म्हणतील, "अँकरचा घ्या की, पन्नास-साठ रुपयांत येईल." अशा वेळी 'मॅनेज्ड' या शब्दावर जोर द्यावा. आपल्याकडे टेंडर मॅनेज होतं, उमेदवार मॅनेज होतो, कबड्डीचा पंच मॅनेज होतो. स्विचसुद्धा मॅनेज झालेला मिळतो हे कळल्यावर काका तुमच्याकडे वेगळ्याच आदराने बघू लागतील आणि व्हाउचरवर सही होईल.

तुमच्या टेबलाखाली धूळ खात पडलेला साधा स्विच, म्हणजे ऑफिसातल्या संगणकांच्या केबली एकत्र जोडणारी पेटी, हा फार सज्जन प्राणी असतो. कोणत्या पोर्टवर, म्हणजे केबल खोचायच्या भोकावर, कोण बसलंय ते तो लक्षात ठेवतो आणि माहितीचं ज्याचं पाकीट त्यालाच देतो. शेजारच्या पोर्टला लॅपटॉप लावून वायरशार्क हे पाकिटं बघायचं सॉफ्टवेअर उघडलंत, तरी सर्वांना उद्देशून मारलेल्या हाकांपलीकडे फारसं काही ऐकू येत नाही. पूर्वी हब असायचे. ते म्हणजे जुना वाडा: एका खोलीत कुजबुजलं की सगळ्या बिऱ्हाडांना कळायचं. वाडे पाडून फ्लॅट झाले, दारं बंद झाली, आणि शेजाऱ्याचं ऐकायला पैसे मोजायची वेळ आली. मॅनेज्ड स्विचमध्ये त्यासाठी पोर्ट मिररिंग असतं, म्हणजे सर्व्हरच्या पोर्टवरून जे जाईल-येईल त्याची नक्कल दुसऱ्या पोर्टवर.

आता बाजार. इथे एका अक्षराला किंमत आहे, म्हणून अक्षराकडे अजिबात लक्ष देऊ नका. टीपी-लिंकचा टीएल-एसजी१०८ हा साधा, मुका स्विच. त्याला शेवटी 'ई' लागली की मिररिंग येतं, आणि व्हीलॅनही, म्हणजे एकाच स्विचचे वेगवेगळे कप्पे पाडायची सोय. पण एसएनएमपी येत नाही, म्हणजे आलेख काढणारं सॉफ्टवेअर त्याला काही विचारू शकत नाही. नेटगिअरकडे जीएस१०८ मुका, जीएस१०८ई थोडा बोलका, आणि जीएस१०८टी एसएनएमपीवाला. तुम्ही ऑर्डर देताना फोनवर नुसतं "एकशे आठ" म्हणा. आपल्या राज्यात या आकड्यावर ॲम्ब्युलन्स येते. दुकानदार जे पाठवेल तेही साधारण त्याच प्रसंगी उपयोगी पडेल.

पेटीतला नवा माल महाग वाटला, तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली गाठा आणि जुना मोठा स्विच उचला. सिस्को कंपनीच्या जुन्या कॅटलिस्ट २९६०चा थाट काही औरच. चोवीस पोर्ट, लोखंडी अंग, आणि पंख्याचा असा घरघराट की शेजारच्या केबिनमधल्या माणसाला गिरणीत बसल्यासारखं वाटावं. मात्र २९६०-२४टीटी घेतलात, तर त्याचे ते चोवीसही पोर्ट शंभर मेगाबिटचे असतात, गिगाबिटचे फक्त दोन. त्या चोवीसांतल्या एकात सर्व्हर खोचला की त्याचा वेग एका फटक्यात दशांशावर. सर्व्हर हळू का चालतो हा मूळ प्रश्न होता ना? आता निदान ठोस उत्तर मिळालं.

त्याच्याशी बोलायला कन्सोल केबल लागते, फिकट निळी, चपटी. ती दुकानदार देत नाही. तुम्ही ९६०० बॉडच्या वेगावर कसेबसे आत शिरलात, की आधीच्या मालकाने ठेवलेलं नाव समोर येईल. सासर बदललं, तरी नाव माहेरचंच. पासवर्ड अर्थातच कोणाला माहीत नसतो. पुढच्या बाजूचं 'मोड' बटण दाबून धरून वीज चालू करायची असते. आणि याच्या पोटात घड्याळाची बॅटरी नसते, हा माझा सर्वात आवडता भाग. वीज गेली आणि आली, की स्विच १ मार्च १९९३ पासून पुन्हा आयुष्य सुरू करतो. बाहेरच्या घड्याळाशी जोडून दिला तर सुधारतो, पण ते कोण करतंय? दर गुरुवारी वीज जाणाऱ्या भागात ऑफिस असेल, तर तुमच्या नोंदवहीत दर गुरुवारी १९९३चा वसंत फुलेल.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ला निर्देश काढले, त्यांची आठवण इथे कोणीतरी आगाऊ मनुष्य करून देईल. नोंदी १८० दिवस जपा, यंत्रांची घड्याळं जुळवून ठेवा, सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवा. सहा तास! आपल्याकडे सर्व्हरच्या खोलीची किल्ली कोणाकडे आहे हे शोधायलाच दुपारचा चहा होतो. काळजी करू नका. तुमच्या नोंदींप्रमाणे घटना १९९३ साली घडलेली असेल, आणि तेव्हा हे निर्देश नव्हते.

मिररिंग लावणं सोपं. बऱ्याच स्विचांवर नक्कल घेणारा पोर्ट फक्त ऐकतो, बोलू देत नाही. म्हणून त्यात ज्या लॅपटॉपची एकुलती एक केबल खोचाल त्याचं नेटवर्क बंद पडेल. तो साहेबांचा असावा. पुढची गंमत अशी की गिगाबिट पोर्टवर एक गिगाबिट जातं आणि एक गिगाबिट येतं, म्हणजे भर गर्दीत दोन. ती दोन्ही एका गिगाबिटच्या तोंडातून बाहेर काढायची. सिंहगड रस्त्याच्या दोन्ही बाजूंची रहदारी एका बोळात वळवल्यासारखं. स्विच मात्र पोलिसांपेक्षा हुशार: जे मावत नाही ते गुपचूप टाकून देतो, आवाज नाही की पावती नाही. नेमक्या तुंबलेल्या क्षणीच तुम्हाला अर्धं चित्र दिसेल आणि सगळं आलबेल वाटेल.

साहेबांना मनातून खरं तर कोण कामाच्या वेळात काय बघतंय ते हवं असतं. पाकिटं दिसतील, कुठून कुठे गेली तेही दिसेल. पण आजकाल बहुतेक पाकिटं चिकटवून येतात, आतली चिठ्ठी वाचता येत नाही. हे त्यांना खरेदीनंतर सांगा.

एसएफ्लोचं नाव ऐकलं असेल. त्यात स्विच ठरावीक पाकिटांमागे एखादंच उचलून पाठवतो आणि त्यावरून सगळ्या रहदारीचा अंदाज बांधतात. शितावरून भाताची परीक्षा आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या येते, त्यामुळे ही गोष्ट साहेबांना लगेच पटेल. आणि तुमच्या बजेटात ती सहसा नसते, त्यामुळे प्रश्न मिटतो.

तेव्हा राहता राहिला आलेख. एमआरटीजी हे सॉफ्टवेअर १९९५चं, म्हणजे तुमच्या स्विचच्या घड्याळापेक्षा दोनच वर्षांनी लहान. दर पाच मिनिटांनी ते स्विचला विचारतं, आतापर्यंत किती बाइट गेले? मोजणारा जुना काटा ३२ बिटांचा, सुमारे ४२९ कोटी बाइटांपर्यंत जातो आणि बजाज स्कूटरच्या मीटरसारखा पुन्हा शून्यावर येतो. भरधाव गिगाबिटवर एवढं अंतर कापायला ३४ सेकंद लागतात. पाच मिनिटांत काटा आठ वेळा फिरलेला असेल, सॉफ्टवेअरला फार तर एक फेरी कळेल. ६४ बिटांचा काटाही असतो, मागितला तर मिळतो. मागू नका. आलेख जितका बुटका तितकी बैठक लवकर संपते.

एसएनएमपीचा परवलीचा शब्द अनेक ठिकाणी मुळातच 'पब्लिक' असतो. तो बदलण्याचा करंटेपणा करू नये. गणेशोत्सव सार्वजनिक केला, मग स्विचने काय घोडं मारलंय? तसंच युजर ॲडमिन, पासवर्ड ॲडमिन. चिठ्ठीवर लिहून स्विचला चिकटवावा, म्हणजे खंडेनवमीला पूजा करणाऱ्यालाही हळदीकुंकवासोबत लॉग-इन करता येईल. झेंडूची माळ बरोबर हवेच्या झरोक्यांवर यायला हवी.

एवढ्यात कोणी शहाणा येऊन सांगेल, की सर्व्हर एकच आहे, तर त्याच्यावरच व्हीएनस्टॅट हा रहदारी मोजणारा प्रोग्राम टाका, गरज पडली तर पाकिटं दाखवणारा टीसीपीडम्प चालवा. किती आलं, किती गेलं, कोणाकडे गेलं, सगळं फुकट कळेल. अशा माणसाला चहा पाजून वाटेला लावा. फुकटात झालेल्या कामासाठी नारळ फुटत नाही, फोटो निघत नाही, वार्षिक अहवालात 'संगणकीकरणाचा पुढचा टप्पा' म्हणून ओळ पडत नाही. सर्व्हरवर टाकलेल्या प्रोग्रामला हिरवे दिवेही नसतात. साहेबांकडे पाहुणे येतात तेव्हा दाखवायचं काय?

तेव्हा आलेख साहेबांच्या केबिनमधल्या मोठ्या टीव्हीवर लावा. हिरवा भाग आत येणारं, निळी रेघ बाहेर जाणारं. पहिले आठ दिवस सगळे येऊन बघतील. नवव्या दिवशी क्रिकेटचा सामना असेल आणि टीव्हीची केबल जागा बदलेल. इकडे आंधळं दळत राहील.

एखाद्या सकाळी लवकर आलात आणि सहज नजर गेली, तर रात्री दोन ते चारच्या मध्ये निळ्या रेघेचा उंच डोंगर दिसेल. रोज रात्री, अगदी वक्तशीर. घाबरून जाऊ नका, साहेबांना फोन तर नकोच. इतक्या रात्री सर्व्हरमधून एवढं सगळं बाहेर जातंय म्हणजे बॅकअपच असणार. तसं वहीत लिहा, तारीख घाला, सही करा.

बॅकअपची हार्ड डिस्क दिवाळीत साहेबांच्या पुतण्याच्या लग्नाचा व्हिडिओ भरायला नेली होती, ती अजून त्यांच्या घरीच आहे.