माल्टातली यॉट आणि ५.४ टक्के व्हॅट: खुलासा

‘माल्टात यॉट घेतली की व्हॅट फक्त ५.४ टक्के’ असा मेसेज पुन्हा फिरतोय. ही माहिती कालबाह्य आहे. माल्टाचा व्हॅट १८ टक्के. बोट लीजवर, म्हणजे भाडेकरारावर, घेण्याच्या जुन्या योजनेत २४ मीटरपेक्षा लांब बोट ३० टक्केच वेळ युरोपीय महासंघाच्या पाण्यात असते असं सरसकट गृहीत धरून तेवढ्याच भागावर कर लावत; १८ चे ३० टक्के म्हणजे ५.४. मार्च २०१८ मध्ये युरोपीय आयोगाने माल्टा, सायप्रस आणि ग्रीसविरुद्ध अशाच सवलतींवरून कारवाई सुरू केली. आता बोट प्रत्यक्षात कुठे वापरली, याचा पुरावा लागतो. जुनी बोट घेणाऱ्यांनी तर विक्रेत्याच्या ‘व्हॅट भरलाय’ या तोंडी शब्दावर अजिबात जाऊ नये. मूळ बिल आणि कर भरल्याचा कागद पाहिल्याशिवाय विसार देऊ नका.