अर्धा दुधी वरच्यांचा

बाबा रिटायर झाले तेव्हा आम्हाला वाटलं आता निवांत पेपर वाचतील, संध्याकाळी टेकडीवर जातील. पण त्यांना कुणीतरी मोबाईलवर घरच्या घरी भाज्या पिकवायचे व्हिडिओ पाठवले आणि आमच्या घराची पार वाट लागली. आम्ही पुण्यात सिंहगड रोडला, दुसऱ्या मजल्यावर. शेती म्हणाल तर दहा बाय चारची गॅलरी, त्यातली अर्धी वॉशिंग मशीनने खाल्लेली.

सुरुवात कोकोपीटच्या, म्हणजे मातीऐवजी वापरायच्या नारळाच्या काथ्याच्या दाबलेल्या भुशाच्या विटेने झाली. पाच किलोची वीट. "एवढीशी तर आहे" म्हणत बाबांनी ती बाथरूममध्ये मुलाच्या जुन्या टबात ठेवली, वर बादल्या ओतल्या आणि चहा प्यायला बसले. ती भिजून साठ-सत्तर लिटर होते हे वेष्टनावर लिहिलेलं होतं, पण बारीक अक्षरात. अर्ध्या तासाने मी दार उघडलं तर टब कुठे दिसेचना, नुसता तपकिरी डोंगर, आणि त्याचा पायथा मोरीच्या जाळीत. प्लंबर आला, बघत राहिला, म्हणाला, "काका, बाथरूममध्ये शेती करता?" बाबा शांतपणे म्हणाले, "नाही, गॅलरीत."

टोमॅटोवर पिठ्या ढेकूण पडला, मेथी कबुतरांनी खाल्ली, तो विषय सोडा. जगला तो फक्त दुधी, जो आमच्या घरात आई सोडून कुणीच खात नाही. जूनमध्ये लावला, जुलै संपेस्तोवर वेल फुलांनी लगडली. दुधीची फुलं पांढरी, संध्याकाळी उमलतात आणि सकाळी माना टाकतात. रोज फुलं, दुधी शून्य. आई म्हणाली, "तुमच्यावरच गेलीय, नुसता फुलोरा."

मग बाबांनी शोध लावला की ही सगळी नर फुलं. मुख्य वेलीवर तीच जास्त येतात म्हणे, मग तिचा शेंडा खुडायचा, बाजूच्या फांद्या फुटल्या की त्यांचेही शेंडे खुडायचे, आणि जी तिसरी पिढी येते तिच्यावर मादी फुलं धरतात. याला थ्री जी कटिंग म्हणतात. चिरंजीव म्हणाले, "आजोबा, फाईव्ह जी येऊन किती दिवस झाले!"

पण आली हो मादी फुलं. फुलाखाली सुपारीएवढा लुसलुशीत, केसाळ दुधी असतो, लगेच कळतं. आता दुसऱ्या मजल्यावर कुठला पतंग यायला, म्हणून परागीकरण हाताने. संध्याकाळी साडेसातला मी टॉर्च धरायचा, बाबांनी नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या सोलायच्या आणि ते मादी फुलावर हळूच फिरवायचं. अडचण एवढीच की बाबांना कमी ऐकू येतं, त्यामुळे ते बोलतातही जोरात. "अरे नर दे! हा नव्हे, हा म्हातारा झालाय! मादीवर उजेड पाड!" समोरच्या बिल्डिंगमधल्या तीन खिडक्या पटापट बंद झाल्या. त्यात फळमाशीसाठी त्यांनी दुकानदाराला फोनवर "चांगला कामगंध सापळा पाठवा" असं सांगितलं, तेही पाहुणे बसलेले असताना. आता माशीच्या नरांना वासाने ओढून पकडणाऱ्या डबीला मराठीत हेच नाव आहे, त्याला बाबा काय करणार!

तर एक दुधी धरला. पण तोवर वेल तिसऱ्या मजल्यावर पोचली होती आणि हा पठ्ठ्या वरच्या काकांच्या ग्रिलच्या दोन गजांमध्ये जाऊन बसला होता. पंधरा दिवसांत आत अर्धा, बाहेर अर्धा असा फुगला, मध्ये कंबर. ना इकडे निघे ना तिकडे. काका जमिनीच्या मोजणी खात्यातून रिटायर. म्हणाले, "मूळ तुमच्या हद्दीत, पण अतिक्रमण आमच्याकडे." बाबा म्हणाले, राहू दे, वाळला की मिरजेला पाठवू, तंबोरा होईल. दोघांनी चहावर तासभर वाटाघाटी केल्या आणि शेवटी गजाच्या रेषेत सुरी चालवली. आम्हाला देठाकडचा भाग आला, त्यांना बुडाकडचा गलेलठ्ठ.

कडू दुधी पोटात गेला तर रक्ताच्या उलट्यांपर्यंत वेळ येते, त्यामुळे आधी एक चकती जिभेला लावून बघायची, कडू लागली तर थुंकून अख्खा दुधी फेकायचा. कोणी लावायची? सगळं घर माझ्याकडे बघायला लागलं. बाबासुद्धा. लावली. कडू नव्हता, खरं सांगायचं तर कसलीच चव नव्हती. आईने चणाडाळ घालून भाजी केली, चौघांना मिळून दीड वाटी. बाबा प्रत्येक घासाला "घरचा आहे" म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी वरून काकूंनी स्टीलच्या डब्यात दुधी हलवा पाठवला. काजू, बेदाणे, वरून तूप सुटलेलं. मीसुद्धा दोनदा घेतला. आईने डबा घासला, पुसला आणि ओट्यावर ठेवून म्हणाली, "रिकामा कसा परत द्यायचा?"

साडेसात वाजले होते. बाबांनी टॉर्च उचलला.