श्रावणातली हवा आणि ब्रिलियंट यलो

द्रवस्फटिकाची ध्रुवीकरण जाळी (प्रकाश बाजूला वळवणारा पातळ थर) बनवण्यावरच्या एका लेखात म्हटलंय, दोन लेसर शलाका द्रवस्फटिकासाठी उजेड-अंधाराचे पट्टे उठवतात. ही चूक दुरुस्त व्हायलाच हवी. एक शलाका डाव्या, दुसरी उजव्या वर्तुळाकार ध्रुवीकरणाची असली की उजेड सगळीकडे सारखाच पडतो. फिरते ती ध्रुवीकरणाची, म्हणजे प्रकाशलहरीच्या कंपनाची, दिशा. ४५७ नॅनोमीटर तरंगलांबीला, शलाकांमध्ये १०° कोन असेल तर ती दर २.६ मायक्रोमीटरला १८०° फिरते.

हा नमुना टिपून द्रवस्फटिकाला त्या दिशेत लावतो तो ब्रिलियंट यलो या रंगद्रव्याचा थर, आणि तो दमट हवेत बिघडतो. स्पिन-कोटिंगला (काच वेगाने फिरवून थर पसरवताना) आर्द्रता ४०% च्या आत हवी. जळगाव-धुळ्याकडे एप्रिल-मेत हे आपसूक जमतं, श्रावणात सिलिका जेलची बंद पेटी लागतेच.

त्यावरचा द्रवस्फटिकाचा थर ६३३ नॅनोमीटरच्या प्रकाशासाठी, द्विअपवर्तन (दोन दिशांच्या अपवर्तनांकांतला फरक) ०.१५ धरून, २.१ मायक्रोमीटर ठेवा. पातळ राहिला तर न वळता सरळ जाणाऱ्या प्रकाशाचा मधला ठिपका विझत नाही. अतिनील दिव्याखाली हा थर घट्ट करताना नायट्रोजन वाहू द्या. ऑक्सिजन राहिला की पृष्ठभाग चिकटच राहतो.