आजी-पदाचा पदभार स्वीकारताना

अभिनंदन. सुनेने दोन रेघांची पट्टी नवऱ्याला दाखवली, त्याने तुम्हाला सांगितलं, आणि त्या क्षणी तुमची आजी-पदावर नेमणूक झाली. या पदाला पगार नाही, रजा नाही, निवृत्ती तर नाहीच. अधिकार मात्र अमर्याद आहेत. ते पहिल्या आठवड्यातच वापरायला घेतले नाहीत तर विहीणबाई वापरतील, एवढं ध्यानात असू द्या.

पहिला हुकूम ठरलेला आहे: तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही. हा सुनेला लागू. तुम्ही तुमच्या बहिणीला, भिशीतल्या सगळ्यांना आणि पोळ्यांच्या मावशींना सांगू शकता, फक्त प्रत्येकीला 'कुठे बोलू नकोस हं' अशी ताकीद द्यायची.

मग फ्रीज उघडा. पपई दिसली तर उचला. कच्च्या पपईच्या चिकाबद्दल डॉक्टरही जपून राहायला सांगतात, त्यामुळे इथे तुमची बाजू जरा तरी भक्कम आहे. पण तेवढ्यावर थांबणारी आजी ती काय आजी! पिकलेली पपई, अननस, वांगं, तीळ, सगळं 'उष्ण' म्हणून बाद करता येतं. पदार्थाची उष्णता मोजायचं यंत्र अजून कुणी काढलेलं नाही, त्यामुळे निर्णय तुमचा अंतिम. तिला काय आवडतं एवढी चौकशी आधी करून ठेवली की यादी आपोआप तयार होते.

काय खायचं हेही तुम्हीच सांगायचं. केशराचं दूध, नारळाचं पाणी, खोबऱ्याचा पांढरा तुकडा. बाळ गोरं होतं. तुमच्या घराण्यात तीन पिढ्यांत कुणी गोरं नाही आणि त्या तिन्ही पिढ्यांच्या आया केशर पिऊनच बाळंत झाल्या, हा हिशेब कुणी मांडू लागलं तर केशर भेसळीचं होतं म्हणा. लोहाच्या गोळ्या मात्र लपवून ठेवाव्यात, त्यांनी बाळ काळं होतं. सरकार म्हणतं, गर्भवतीने रोज एक याप्रमाणे निदान १८० दिवस ही गोळी घ्यावी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून जास्त गर्भवती रक्तक्षयी निघाल्या. निघू देत. आपल्या घरात रक्त कमी असण्यापेक्षा रंग कमी असण्याची चिंता जुनी आहे. शिवाय 'दोन जिवांची आहेस, पोटभर खा' आणि 'फार खाऊ नकोस, बाळ मोठं होऊन अडेल' ही दोन्ही वाक्यं हाताशी ठेवा. आठवड्याआड वापरली की तिचं काही ना काही चुकलेलं असतंच.

ग्रहण हा तुमच्या कारकिर्दीचा कळस. नऊ महिन्यांत एखादं तरी मिळावं अशी प्रार्थना करा. ७ सप्टेंबर २०२५ चं खग्रास चंद्रग्रहण ज्यांच्या वाट्याला आलं त्या भाग्यवान: रात्री दहाच्या सुमारास स्पर्श, दीडच्या सुमारास मोक्ष, आणि वेध दुपारपासूनच. असं ग्रहण आलं की सुनेला एका खोलीत बसवा. पडदे लावा. चिरायचं नाही, कापायचं नाही, शिवायचं नाही, हातपाय दुमडायचे नाहीत, पाणी प्यायचं नाही. चिरलं तर बाळाचा ओठ फाटतो.

आता डॉक्टर सांगतात की बाळाचा वरचा ओठ गर्भारपणाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळून येतो. म्हणजे तुम्ही 'कुणाला सांगू नका' म्हणत असता तेव्हाच ते काम उरकलेलं असतं. सातव्या महिन्यातल्या सुनेने त्या रात्री अख्खा भोपळा फोडला असता तरी ओठाला पत्ता लागला नसता. (भोपळा बाईने फोडायचा नसतो, तो नियम वेगळा.) यावर तुम्ही काही बोलू नका. 'आम्ही नाही का पाळलं' एवढंच म्हणा आणि जपाची माळ घ्या.

याच वेळी तुमचा मुलगा गच्चीवर जाईल, लालसर चंद्राचे फोटो काढेल, कोपऱ्यावर वडापाव खाऊन येईल. त्याला अडवू नका. बाळात निम्मा वाटा बापाचा असतो असं शाळेच्या पुस्तकात लिहिलेलं आहे, पण ग्रहणाने ते पुस्तक वाचलेलं नाही. ग्रहण आपल्याकडे कायम सुनेलाच लागतं.

पाळून बाळ धडधाकट निघालं तर पाळल्यामुळे. पाळूनही काही उणं निघालं तर जरा आठवून बघा: मध्येच तिने कूस बदलली होती, पडद्याला फट होती, मोबाइलच्या उजेडात काहीतरी वाचत होती. सापडतंच. ही सोय डॉक्टरांकडे नाही, त्यांच्याकडे चूक झाली तर लोक भांडायला जातात.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण. हिरवी साडी, फुलांची वाडी, झोपाळा, धनुष्यबाण, फोटोवाला, सगळं हौसेने करा. त्यात मजाच आहे, मलाही आवडतं. खरा कार्यक्रम दोन झाकलेल्या वाट्यांचा. सून एक वाटी उघडते. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. ज्या दवाखान्यात तिची सोनोग्राफी झाली तिथे भिंतीवर पाटी असते की इथे गर्भलिंगनिदान केलं जात नाही, तो गुन्हा आहे. महाराष्ट्राने असा कायदा १९८८ मध्येच केला, देशाने १९९४ मध्ये. गर्भाचं लिंग बदलून देतो म्हणणारा बाबाही २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात सापडतो. मिठाईच्या वाट्या कुठल्याच कलमात सापडत नाहीत. पेढा निघाला तर टाळ्या वाजवा. बर्फी निघाली तर 'पहिली बेटी, धनाची पेटी' म्हणा, पण स्वर सांत्वनाचा हवा. आनंदाने म्हणालात तर लोकांना वाटेल तुम्हाला खरंच मुलगी हवी आहे.

दुसऱ्या बेटीसाठी म्हण नाही. तिसरीसाठी सातारा जिल्ह्यात नावच तयार असायचं: नकुसा, नकोशी. तसं नाव ठेवलं की पुढचा मुलगा होतो. २०११ साली तिथल्या प्रशासनाने समारंभ करून अशा २८५ मुलींना नवी नावं दिली. तोवर शाळेत मास्तरांनी 'नकुसा' पुकारलं की उठून 'हजर' म्हणायचं.

गर्भसंस्काराचा क्लास लावायचा असेल तर लावा, हल्ली ऑनलाइनही असतो. जाहिरातीत हटकून अभिमन्यू असतो. आईच्या पोटात त्याने चक्रव्यूहात शिरायचं कसं ते ऐकलं, आणि बाहेर पडायच्या धड्याला आईला झोप लागली. पोरगा सोळाव्या वर्षी मारला गेला. क्लासचा आदर्श विद्यार्थी म्हणून याचीच निवड का झाली हे विचारू नका, फक्त याही कथेत डुलकीचा दोष आईकडे आहे हे सुनेला सांगायला विसरू नका.

प्रसूती मुहूर्तावर करून घ्यावी. ज्योतिषीबुवा वेळ काढून देतात, सर्जन तेवढ्यात बाळ काढतात, मग तेच ज्योतिषीबुवा पत्रिका मांडून म्हणतात, 'वा, काय योगावर जन्म घेतलाय!' एकच अडचण: सिझेरियनमुळे पायाळू माणसं दुर्मिळ होत चालली. पायाकडून जन्मलेल्याने लाथ मारली की पाठीची उसण जाते, हा उपचार आता कुणाकडे मागायचा?

बाळ हातात आलं की खरा कारभार सुरू होतो. पहिला पिवळट चीक पिळून टाकायला सांगा. जुनं दूध आहे ते, नऊ महिने साठलेलं. सोन्याच्या अंगठीला मध लावून चाटवा. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, तासाभरात बाळ अंगावर घ्या, तो चीक हाच पहिला आहार, आणि सहा महिने वरचं पाणीसुद्धा नको. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चालत नाही, त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला लुळेपणा आणणारा विकार होऊ शकतो, असं बालरोगतज्ज्ञ बजावतात. संघटनेने स्वतः किती बाळंतपणं काढली आहेत, हा प्रश्न विचारून विषय संपवावा.

गुटी तर आपल्याच हातची. सहाणेवर वेखंड, हळकुंड, बाळहिरडा, मुरुडशेंग, सुंठ, खारीक, बदाम, जायफळ. कशाचे किती वेढे द्यायचे ते लिहून ठेवू नका, लिहिलं तर सून स्वतः देईल. गुटीनंतर बाळ तीन तास गाढ झोपलं की घरभर सांगा गुण आला. जायफळाचा एक वेढा जास्त पडला होता, हे आपल्यातच ठेवा. सहाण शेवटची कधी उकळत्या पाण्याने धुतली, तेही.

पाचव्या रात्री सटवाई येते आणि कपाळावर नशीब लिहिते. पाटा-वरवंट्याची पूजा, कणकेचे दिवे, शेजारी कोरा कागद आणि लेखणी. बॉलपेन चालतं. हा विधी उगाच नव्हता. पूर्वी पाचव्या-सातव्या दिवसाच्या आगेमागे बाळं आकडी येऊन खरोखर जायची. विळ्याने नाळ कापायची, वर राख नाहीतर शेण लावायचं, आणि धनुर्वाताने बाळ गेलं की सटवाईने असंच लिहिलं होतं म्हणायचं. तिने एवढी वर्षं तो आळ सोसला. मग गर्भवतींना धनुर्वाताची सुई मिळू लागली, नाळ स्वच्छ ब्लेडने कापली जाऊ लागली, आणि २०१५ मध्ये नवजात बाळांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. सुईचं नाव घ्यायचं कारण नाही. पाचवी पुजली म्हणून बाळ वाचलं.

बारीकसारीक नियम येताजाता टाकत राहा. रिकामा पाळणा हलवायचा नाही, बाळाचं पोट दुखतं. दुपटी दिवेलागणीनंतर दोरीवर ठेवायची नाहीत. उचकी लागली की पदराचा धागा थुंकीने टाळूवर चिकटवायचा. वरचे दात आधी आले तर मामाला जड. मामा कंपनीच्या कामाने पुण्याहून पुढे कुठे गेलेला नसतो, तरी त्याला फोन करून घाबरवून ठेवा; निदान चांदीची वाटी तरी येईल.

शेक-शेगडीत कसूर नको. बाजेखाली निखारे, त्यावर ओवा, बाळंतशेपा, लसणाची सालं. खोलीत धूर इतका हवा की बाळ-बाळंतीण एकमेकांना दिसता कामा नयेत. मेळघाटात तापल्या विळ्याने बाळाच्या पोटावर चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. अशी बातमी पेपरात आली की चहा पिता पिता 'काय हे अज्ञान!' म्हणून हळहळा, आणि तो पेपर शेगडी पेटवायला घ्या.

दृष्टीची तर तुम्हाला सवय असेलच. मीठ-मोहऱ्या, सुक्या मिरच्या बाळावरून उतरवून निखाऱ्यावर टाकायच्या. ठसका लागला नाही तर दृष्ट जबरदस्त होती. लागला तर होती पण निघाली. दृष्ट नव्हतीच, असा निकाल आजवर कुठल्याही मिरचीने दिलेला नाही.

एक प्रकरण उरलं. लेक अमेरिकेत असेल तर बाळंतपणाला तुम्हाला जावं लागेल. बॅगेत डिंक, अळीव, बाळंतकाढा आणि गुटीचं गाठोडं घ्या. विमानतळावर मुरुडशेंगेचं पिळलेलं वेटोळं हातात धरून अधिकारी 'हे काय' विचारेल, तेव्हा 'बेबी मेडिसिन' म्हणू नका, दोन तास जातील. 'मसाला' म्हणा.

तिथे शेगडी मिळत नाही. तव्यावर करा. फक्त छताला एक पांढरी गोल डबी असते, तिला ओवा सोसत नाही. ती किंचाळेल, बाळ रडेल, जावई टॉवेल हलवत धावेल, आणि इमारतीची घंटा थेट जोडलेली असेल तर बंब येईल. घाबरू नका. बंबावरचे दोन धिप्पाड जवान आत येतील, तवा बघतील, हेल्मेट काढून पाळण्यात वाकतील, 'सो क्यूट' म्हणतील आणि निघून जातील. दोन परके पुरुष, तोंडभर कौतुक, आणि एकानेही मागे कडाकडा बोटं मोडली नाहीत. दार लागल्याबरोबर मीठ-मोहऱ्या घ्या, सात सुक्या लाल मिरच्या घ्या, आणि तवा चांगला तापू द्या.