एअर बॅग बसवल्याने पिकअपची क्षमता वाढत नाही

अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲपवर फिरतंय: पिकअप ट्रकच्या मागच्या ॲक्सलवर एअर बॅग (स्प्रिंगला आधार देणारी हवेची पिशवी, अपघातात फुगणारी नव्हे) बसवा आणि खुशाल मोठा कॅम्पर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) ओढा. हे चुकीचं आहे. एअर बॅगने खाली बसलेली मागची बाजू उचलली जाते, एवढंच; ब्रेक, ॲक्सल, फ्रेम तेच राहतात. बॅग बनवणाऱ्या कंपन्याही हेच सांगतात.

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर बघा. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल, तो आकडा तिथे असतो. ६००० पौंडांच्या कॅम्परचा हिचवरचा (गाडीला ट्रेलर जोडायच्या मागच्या जोडणीवरचा) भार साधारण ६०० ते ९०० पौंड, तोही त्यातूनच वजा होतो. (कूलर आणि कुकरही, बरं का!) शंका असेल तर ट्रक स्टॉपच्या काट्यावर भरलेली गाडी तोलून घ्या. तो मेसेज मात्र कृपया पुढे ढकलू नका.