ढगाळ हवेतही सोलर पॅनल वीज देतात. प्रश्न आहे तो किती देतात याचा

‘आभाळ भरलेलं असलं की सोलर पॅनल बंद, ढगाळ भागात ते बसवणं म्हणजे पैसे पाण्यात,’ असा मेसेज फिरतो आहे. तो चुकीचा आहे. ढगांतून विखरून येणाऱ्या प्रकाशावरही पॅनल वीज तयार करतात. मात्र ती बरीच कमी असते, आणि हे विक्रेत्यांनीही स्पष्ट सांगायला हवं. दाट ढगांखाली उत्पादन क्षमतेच्या साधारण 10 ते 25 टक्क्यांवर येतं. म्हणजे 3 किलोवॅटचा संच अशा दुपारी 300 ते 750 वॅट देईल. त्यावर फ्रिज, पंखे, दिवे चालतील, गीझर नाही.

हिशोब एका दिवसाचा नव्हे, वर्षाचा करा. जर्मनीसारख्या ढगाळ देशात 1 किलोवॅटमागे वर्षाला साधारण 900 ते 1,000 युनिट मिळतात. आपल्या ठिकाणचा असा आकडा घेऊन वर्षाच्या वापराला त्याने भागा, म्हणजे किती किलोवॅट लागतील ते कळेल. पैसे कधी वसूल होतील, हे त्यातली किती वीज घरातच वापरली जाते आणि उरलेली ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याला, दिल्यावर काय दर मिळतो यावर ठरतं.

ढगांपेक्षा सावलीची काळजी जास्त करा. पाण्याच्या टाकीची सावली पॅनलच्या एका पट्ट्यावर पडली, तरी बायपास डायोड (सावलीतला भाग टाळून वीज पुढे नेणारा पॅनलमधला छोटा सुटा भाग) एकमेकांना जोडलेल्या सेलची ती अख्खी साखळी वगळतो. साखळ्या तीन असतील तर त्या पॅनलचं एक तृतीयांश उत्पादन गेलं. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, सावल्या लांबतात. पाहणी तेव्हाच्या सावल्या धरून करून घ्या आणि उत्पादनाचा महिनावार अंदाज लेखी मागा.